जुनं बिल का बदललं? बीबीए सीएच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रश्न : मी बारावी वाणिज्यला आहे, गणित घेतलेलं नाही. मला बीबीए सीए (कॉम्प्युटर अॅप्लिकेशन) करायचंय. घरचे म्हणतात, कॉम्प्युटरच शिकायचा तर सरळ बीसीए कर. या दोन्हींत नेमका फरक काय? – एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बीबीए सीए वाणिज्य शाखेत येतं. पूर्वी त्यालाच बीसीए कॉमर्स म्हणत, घरोघरचा गोंधळ त्यातूनच होतो. प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस दोन्हीकडे आहेत. बीबीए सीएमध्ये त्यांच्या जोडीला अकाउंटिंग आणि व्यवस्थापन येतं, आणि धंद्याचा व्यवहार संगणकात कसा बसवायचा हे शिकायला मिळतं. तुम्हाला हिशेबाची गोडी असेल तर हीच वाट धरा. बारावीचं गणित नसल्याने अडत नाही. शेकडेवारी, गुणोत्तर आणि ‘आणि, किंवा, नाही’ या अटींचा विचार मात्र पक्का हवा.

प्रवेशाचं एक लक्षात ठेवा. बीबीए, बीसीए आणि बीएमएस २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. आणि कॉलेज निवडताना पदवीच्या नावावर जाऊ नका, विषयांची यादी आणि प्रॅक्टिकलचे तास विचारा.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी किराणा दुकानाची बिलिंग सिस्टिम केली. परीक्षकांनी मालाचा दर बदलायला लावला, तर जुन्या बिलांचे आकडेही बदलले! चूक प्रोग्रॅममध्ये आहे की टेबलमध्ये? – तृतीय वर्ष, बारामती

उत्तर : टेबलमध्ये. तुमच्या बिलाच्या ओळीत फक्त मालाचा कोड आणि नग आहेत. दर आणि कर दरवेळी मालाच्या मास्टरमधून, म्हणजे मालाच्या मूळ यादीच्या टेबलमधून, उचलले जातात. नॉर्मलायझेशन (टेबलांची नीट विभागणी) शिकताना ‘एकच माहिती दोन जागी नको’ हे मनावर ठसतं आणि म्हणून मुलं बिलाच्या ओळीतून दर काढून टाकतात. पण मास्टरमधला दर म्हणजे आजचा दर, आणि बिलातला दर म्हणजे त्या दिवशी ठरलेला दर. या दोन वेगळ्या माहिती आहेत, त्यामुळे दोन्ही साठवायच्या. बिलाच्या ओळीत कोड, नग, दर, सूट आणि कराचा टक्का हे सगळं हवं.

हे किती महत्त्वाचं आहे ते २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा दिसलं. टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. कराआधी १०० रुपयांची टूथपेस्ट ऑगस्टमध्ये ११८ ला विकली गेली. तुमच्या सिस्टिममध्ये तेच बिल आज उघडलं तर १०५ दाखवेल, आणि भरलेल्या विवरणपत्राशी मेळ बसणार नाही. तो माल नंतर परत आला, तरी क्रेडिट नोट (रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी.

आता प्रोजेक्ट उघडलाच आहे तर आणखी तीन गोष्टी सुधारा. पहिली, पैशाचा कॉलम फ्लोट (अंदाजे आकडा साठवणारा प्रकार) ठेवला असेल तर तो डेसिमल (दशांश तंतोतंत साठवणारा) करा. फ्लोटमध्ये ०.१ तंतोतंत बसत नाही, त्यामुळे महिन्याच्या बेरजेत पैशांचा फरक येतो.

दुसरी गोष्ट बिल क्रमांकाची. ‘सगळ्यात मोठा क्रमांक अधिक एक’ ही युक्ती एका काउंटरवर चालते. दोन काउंटरवर एकाच क्षणी बिल झालं की दोघांना एकच क्रमांक मिळतो. ऑटो-इन्क्रिमेंट (डेटाबेसने आपोआप दिलेला पुढचा क्रमांक) वापरलं तर बिल अर्धवट रद्द झाल्यावर मधला क्रमांक गळतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकदाच यावा आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा. म्हणून प्रायमरी की (ओळीची डेटाबेसमधली आतली ओळख) वेगळी ठेवा. बिल क्रमांकाचं छोटं टेबल करा, त्यातली ओळ लॉक करून क्रमांक घ्या, आणि बिल व क्रमांक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जतन करा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. वर्ष आणि क्रमांक या जोडीवर युनिकची (दुबार न येण्याची) अट घाला, म्हणजे प्रोग्रॅम चुकला तरी डेटाबेस अडवेल.

तिसरी गोष्ट, ‘डिलीट’चं बटण काढा. बिल रद्द होतं, पुसलं जात नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवणारंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं. दुकानाला तो नियम लागू नसेल, तरी सवय आत्तापासूनच लावा. तोंडी परीक्षेत हा मुद्दा तुम्ही आपणहून मांडलात तर परीक्षकांना तुमची समज दिसते.

प्रश्न : बिलं, बिलांच्या ओळी आणि जमा रकमा अशी तीन टेबलं जोडून उधारीचा रिपोर्ट काढला. येणं खूपच जास्त दिसतं, आणि काही गिऱ्हाइकं तर गायबच आहेत. – द्वितीय वर्ष, नाशिक

उत्तर : दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत. एका बिलावर हिशेब करून पाहा. बिल ५,९०० रुपयांचं, त्यात ३ ओळी, आणि २,००० व १,००० असे २ हप्ते जमा. खरं येणं २,९००. तिन्ही टेबलं थेट जोडली की प्रत्येक ओळ प्रत्येक हप्त्याशी जुळते आणि ६ ओळी होतात. बिलाची रक्कम ६ वेळा धरली जाऊन ३५,४०० होते, जमा तिप्पट होऊन ९,०००, आणि येणं दिसतं २६,४००. इथे डिस्टिंक्ट (सारख्या किमती एकदाच धरणं) लावून सुटका होत नाही, कारण दोन हप्ते योगायोगाने सारख्याच रकमेचे असले तर त्यातला एक खरोखरच गळेल. जमा रकमांची बिलवार बेरीज आधी वेगळ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) करा, म्हणजे दर बिलाला एकच ओळ राहील, आणि मग ती बिलांना जोडा. बिलातल्या ओळींची या रिपोर्टला गरजच नाही. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावलीत तर ही चूक लगेच सापडते.

गायब झालेली गिऱ्हाइकं म्हणजे ज्यांनी एक पैसाही दिलेला नाही ती. इनर जॉइन फक्त दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळी ठेवतो, म्हणून त्यांना वगळतो, आणि उधारीच्या रिपोर्टमध्ये तीच तर सगळ्यात आधी दिसायला हवीत! लेफ्ट जॉइन घ्या, तो जमा नसलेली बिलंही ठेवतो. जमा रक्कम नल (नोंदच नाही) असली तर वजाबाकीही नल येते, म्हणून कोअ‍ॅलेसने तिचं शून्य करा. जमा तारखेची अट सबक्वेरीच्या आत ठेवा. बाहेर व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या अटीत) लिहिलीत तर लेफ्ट जॉइन पुन्हा इनरसारखाच वागतो.

प्रश्न : एक्सेलमध्ये कोड डोळ्यांना दिसतो, तरी व्हीलूकअप (कोडवरून माहिती शोधणारं सूत्र) एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, देतं. का? – प्रथम वर्ष, अहिल्यानगर

उत्तर : बहुतेक वेळा एकीकडे कोड आकडा असतो, दुसरीकडे मजकूर. नाहीतर शेवटी रिकामी जागा असते; ती ट्रिम या सूत्राने जाते. वेबपेजवरून उचललेल्या मजकुरातली रिकामी जागा मात्र १६० क्रमांकाचं अक्षर असते, ती ट्रिमने जात नाही, सबस्टिट्यूटने काढावी लागते. व्हीलूकअपच्या चौथ्या जागी फॉल्स लिहायला विसरू नका. ते राहिलं तर एक्सेल जवळपासचा कोड धरतं आणि चुकीचा दर गुपचूप देतं. एन/ए निदान दिसतं तरी!

प्रश्न : नोकरीसाठी सॅपचा (मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर) महागडा कोर्स लावू का? – तृतीय वर्ष, पुणे

उत्तर : आधी खरेदीचा प्रवास समजून घ्या : मागणी, परचेस ऑर्डर, माल आल्याची नोंद, पुरवठादाराचं बिल, पेमेंट. सॅपमध्ये मिगो म्हणजे माल आल्याची नोंद आणि मिरो म्हणजे बिलाची, एवढं क्लासमध्ये पाठ करून घेतात. मुलाखतीत प्रश्न येतो की मिगो केल्यावर खात्यात काय होतं. समजा २०० रुपयांचे १०० नग मागवले आणि ९५ आले. कर बाजूला ठेवू. मिगोने साठा १९,००० ने नावे होतो आणि जीआर-आयआर (माल आला, बिल यायचं) हे मधलं खातं तेवढंच जमा होतं. पुरवठादाराने बिल १०० नगांचं, २०,००० चं पाठवलं. मिरोने मधलं खातं २०,००० ने नावे आणि पुरवठादार जमा. मधल्या खात्यात १,००० नावे उरतात, आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर पेमेंट अडवलं जातं. राहिलेले ५ नग आले किंवा क्रेडिट नोट मिळाली की खातं शून्यावर येतं.

हे पैसे न भरता करून पाहता येतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे असंच सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. ते बसवून कायमस्वरूपी साठा पद्धत (माल आला-गेला की खात्यातही लगेच नोंद) चालू करा आणि वरचा व्यवहार घाला. प्रत्येक टप्प्यानंतर लेजर (खातेवही) उघडून ‘स्टॉक रिसीव्हड बट नॉट बिल्ड’ हे खातं पाहा. जीआर-आयआरचं काम तिथे तेच करतं. हे खातं का हललं ते तुम्हाला न अडखळता सांगता आलं, तर कोर्सच्या फीचा विचार करा.