दोघी स्त्रियाच, मग संरक्षण कशाला?

प्रश्न : आम्ही दोघी तीन वर्षं एकत्र आहोत. माझा पुरुषाशी कधीच संबंध आलेला नाही, पार्टनरचा पूर्वी आला होता. महिनाभर मला राखाडी, पातळ स्राव जातोय आणि माशासारखा वास येतो. हा गुप्तरोग असेल का? मला पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी करतात ती) लागते का?

उत्तर : वर्णनावरून हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस वाटतो. योनीतले उपयोगी लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटतात, दुसरे वाढतात. स्त्रियांशी संबंध असणाऱ्या स्त्रियांमध्ये तो बराच आढळतो आणि पुष्कळदा दोघींनाही असतो. पण ट्रायकोमोनास या लैंगिक संसर्गातही असाच स्राव जातो, म्हणून अंदाजाने गोळ्या घेऊ नका, स्रावाची तपासणी करून घ्या. पार्टनरलाही सोबत न्या. योनीच्या आत साबण किंवा ‘वॉश’ घालून धुणं आजच थांबवा. वास जावा म्हणून केलेलं हे धुणंच तो त्रास पुन्हा पुन्हा आणतं.

स्राव एकीकडून दुसरीकडे जातो तो बोटांवरून आणि सेक्स टॉयवरून. एकच टॉय दोघी वापरत असाल, तर दर वेळी त्यावर नवा कंडोम चढवा. गुदद्वाराकडून योनीकडे येतानाही कंडोम बदला. मोटर नसलेलं सिलिकॉनचं टॉय उकळून घेता येतं. मऊ जेलीच्या टॉयमधली बारीक छिद्रं मात्र धुऊन साफ होत नाहीत. नखं कापलेली हवीत, बोटाला जखम असेल तर हातमोजा घाला. लॅटेक्सबरोबर तेल किंवा व्हॅसलिन नको, त्याने रबर फाटतं. पाण्यावर आधारित वंगण घ्या.

मुखसंबंधासाठी डेंटल डॅम (मध्ये धरायचा पातळ रबरी पडदा) मिळाला नाही, तर साधा कंडोम चालतो. टोक कापा, खालची कडी कापा, मग नळीला उभी चीर द्या. चौकोनी पडदा तयार. तो योनीमुखावर धरून ठेवा, उलटा करू नका, पुन्हा वापरू नका. ओठावर तापाचे फोड आले असतील तर ते सुकेपर्यंत मुखसंबंध टाळलेलेच बरे, कारण त्या फोडांमधला हर्पिसचा विषाणूच खाली संसर्ग करतो.

हो, पॅप तपासणी लागते. हा कर्करोग घडवणारा एचपीव्ही विषाणू त्वचेच्या स्पर्शाने आणि टॉयवरूनही पसरतो, त्यासाठी पुरुष लागत नाही. पंचविशीनंतर दर ३ वर्षांनी पॅप, किंवा तिशीनंतर दर ५ वर्षांनी एचपीव्ही चाचणी करा. ‘पुरुषाशी संबंध नाही ना, मग गरज नाही’ असं कुणी म्हटलं, तर ऐकू नका. पार्टनर स्त्री आहे हे स्पष्ट सांगा आणि तपासणीचा आग्रह धरा. एचपीव्हीची लस २६व्या वर्षापर्यंत जरूर घ्यावी, त्यानंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावं.