उबुंटूवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) बिल्ड करायची स्क्रिप्ट दरवेळी 'कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेम' वर येऊन का अडकते?

ती रेडीमेड स्क्रिप्ट आधी बाजूला ठेव, अशा स्क्रिप्ट खरा एरर गिळतात आणि शेवटी नुसतं 'बिल्ड फेल्ड' दाखवतात, मी पण अशाच एका स्क्रिप्टपायी दोन रात्री घालवल्यात. झालंय असं की तुझ्या स्क्रिप्टने बूट फोल्डरमधली उबुंटूची कॉन्फिग (कर्नल बिल्डच्या सेटिंगची फाइल) जशीच्या तशी उचलली, त्यात 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' या सेटिंगला उबुंटूच्या सर्टिफिकेटचा पाथ दिलेला असतो आणि कर्नल डॉट ऑर्गवरून घेतलेल्या सोर्समध्ये ती फाइलच नसते, मग मेक (बिल्ड करणारी कमांड) थांबणारच ना. ते आणि 'सिस्टिम रिव्होकेशन कीज', दोन्ही कॉन्फिगमध्ये रिकामे कर आणि स्वतः 'मेक बिनडेब-पीकेजी' चालव, डेब फाइल्स (इन्स्टॉल करायची पॅकेजेस) तयार होतील, त्या डीपीकेजी कमांडने टाक.

'लोकलमॉडकॉन्फिग' (कॉन्फिग छोटी करणारा मेकचा पर्याय) वापरणार असशील तर प्रिंटर, पेनड्राइव्ह, वायफाय डोंगल सगळं आधी जोडून ठेव!! ते फक्त त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवतं, बाकीचे उडवतं, आणि हे कळतं थेट रीबूटनंतर. जुना कर्नल ग्रबमध्ये (बूट मेनूत) राहू दे, काढू नकोस. आणि इनिटआरडी (बूट होताना आधी लोड होणारी, मॉड्यूल असलेली फाइल) फुगून बूट पार्टिशन भरत असेल तर कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) बंद करून परत बिल्ड कर, बराच फरक पडतो.