वाचकांचे प्रश्न : ‘जूनो’ पाहिलेल्या मुलीशी बोलताना

प्रश्न : माझी नववीत शिकणारी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी यांनी सुट्टीत आमच्या घरी ‘जूनो’ हा 2007 सालचा अमेरिकी चित्रपट पाहिला. त्यात जूनो नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला दिवस जातात, ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून एक निपुत्रिक जोडपे शोधते आणि बाळ त्यांना देण्याचे ठरवते. मुली सबंध वेळ हसत होत्या. इतक्या गंभीर विषयावर विनोदी चित्रपट काढावा का, आणि तो या वयाच्या मुलींनी पाहावा का? आपल्याकडे असे बाळ परस्पर देता येते का, असे मुलीने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.
— एक आई, ऐरोली

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे, मात्र हा चित्रपट नेमका कोणाला हसतो, हे आधी पाहायला हवे. दिग्दर्शक जेसन राइटमन आणि लेखिका डायब्लो कोडी यांनी विनोदाचे लक्ष्य त्या मुलीच्या गरोदरपणाला केलेले नाही. हसू येते ते तिच्या तिखट जिभेमुळे आणि तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांच्या वागण्यामुळे. बाळ घेऊ पाहणाऱ्या जोडप्यातला नवरा, मार्क, कधीकाळी बँडमध्ये वाजवणारा आणि आता जाहिरातींसाठी संगीत करणारा गृहस्थ आहे. बाळंतपण जवळ आलेले असताना तो जूनोला सांगतो की, तो बायकोला सोडणार आहे. चित्रपटात सर्वांत पोरकट ठरतो तो हा तिशी उलटलेला पुरुष, आणि माझ्या मते कोडी यांच्या लेखनाचे खरे बळ येथेच आहे. त्यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले, ते केवळ चुरचुरीत संवादांमुळे मिळाले असे मला वाटत नाही.

आपण मुलीबरोबर एकच प्रसंग पुन्हा पाहणार असाल, तर सोनोग्राफीचा पाहावा. तपासणी करणारी बाई किशोरवयीन मातांविषयी एक कुत्सित शेरा मारते आणि एरवी जूनोशी जेमतेम जमणारी तिची सावत्र आई त्या बाईला तिथल्या तिथे सुनावते. मुलगी चुकली आहे हे घरच्यांना मान्य आहे, पण तिला हिणवण्याचा अधिकार ते बाहेरच्या कोणालाही देत नाहीत. वडीलही बातमी ऐकून खचतात, आणि तरीही त्या जोडप्याच्या पहिल्या भेटीला तेच तिच्याबरोबर जातात. आपल्याकडे अशी बातमी कळल्यावर पहिला विचार बहुधा सोसायटीत काय बोलले जाईल याचा होतो, हे आपणही नाकारणार नाही. अमेरिकेत हा चित्रपट पीजी-13 वर्गात, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या वर्गात होता. नववीच्या मुलीने तो पाहण्यात मला गैर दिसत नाही, मात्र पाहून झाल्यावर तिच्याशी बोलणे आवश्यक आहे.

त्या बोलण्यात कायद्याचा भाग टाळू नये, कारण चित्रपट आणि ऐरोली यांतले सर्वांत मोठे अंतर तेथेच आहे. जूनो आणि बाळाचा बाप असलेला तिचा वर्गमित्र यांच्याबाबतीत पोलीस कोठेच येत नाहीत. भारतात 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही. डॉक्टरांना अशा गरोदरपणाची माहिती पोलिसांना कळवावी लागते आणि मुलगाही अल्पवयीन असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. गर्भपाताचा मार्ग कायद्याने खुला आहे. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत ही मुभा मिळते. पोलिसांच्या भीतीने मुली भोंदूंकडे जाऊ नयेत, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात स्पष्ट केले की, मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

आता आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. जाहिरात पाहून जोडपे निवडणे आणि त्यांच्या हाती बाळ सोपवणे, हे आपल्याकडे होत नाही. बाळ वाढवणे शक्य नसलेली माता बालकल्याण समितीपुढे मूल समर्पित करू शकते. ऐरोली ठाणे जिल्ह्यात असल्याने तेथील समिती ठाण्याची, तर खारघर-पनवेलसाठी रायगडची. समर्पणपत्रावर सही झाल्यानंतर फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात आणि त्या मुदतीत तिला बाळ परत मागता येते. चित्रपटातील मार्कच्या बायकोच्या, व्हेनेसाच्या, मनातली भीती आठवावी: पूर्वी एका मातेने ऐनवेळी विचार बदललेला असल्यामुळे ती शेवटपर्यंत धास्तावलेली असते. आपल्या पद्धतीत हा विचार बदलण्याचा काळ बाळ दत्तक पालकांच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो, हे मला दोन्ही बाजूंच्या दृष्टीने अधिक माणुसकीचे वाटते. त्यानंतर ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संगणकीय यादीतील क्रमानुसार पालक ठरतात, जन्मदात्री त्यांना निवडत नाही.

जूनो पैसे घ्यायला नकार देते, ही गोष्ट मुलीला मुद्दाम दाखवावी. मुलाची खरेदी-विक्री हा आपल्याकडे पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे, आणि त्यात रुग्णालयातील कर्मचारी सामील असल्यास शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. ‘ओळखीतून बाळ मिळवून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहावे. अडचणीतल्या मुलीसाठी 1098 हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

प्रश्न : याच चित्रपटाच्या शेवटी नवरा सोडून गेलेल्या व्हेनेसाला एकटीला बाळ मिळते. माझी 38 वर्षांची अविवाहित बहीण घोडबंदर रस्त्याला राहते आणि स्वतःच्या पायावर उभी आहे. तिला दत्तक मूल मिळू शकेल का?
— एक भाऊ, ठाणे

उत्तर : होय. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही दत्तक घेता येतात. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. व्हेनेसाची वाट मात्र येथे इतकी सरळ नसती, कारण विवाहित जोडप्यात दोघांची संमती लागते आणि घटस्फोटाच्या वाटेवरील स्त्रीच्या घराची सामाजिक तपासणी नव्याने करावी लागली असती. आपल्या बहिणीने नोंदणी लवकर करावी. 2022 च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी एकट्या पालकाची वयोमर्यादा 40 आहे; त्यानंतर चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती 45 आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 50 होते. लहान बाळासाठी प्रतीक्षा काही वर्षांची असते. चार-पाच वर्षांच्या मुलाचा विचार तिने आत्ताच मोकळ्या मनाने केला, तर बरे. शाळेत जाऊ लागलेले मूल घरात येणे म्हणजे दुय्यम मातृत्व, ही समजूत नातेवाईकांनीही सोडावी. नोंदणीच्या वेळी उत्पन्नाचे, आरोग्याचे आणि वयाचे दाखले लागतील. त्यानंतर दत्तक संस्थेच्या समाजसेविका घरी येतील, आणि बहीण आजारी पडल्यास मुलाकडे कोण पाहील, असे विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर आपणच द्यायचे आहे, त्यामुळे त्या दिवशी आपण घोडबंदरला हजर राहावे.