अभ्यासातली एक नोंद गाळा, नाहीतर कोर्टात खेचू!

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानदुखीवरच्या दोन उपचारपद्धतींची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात मी सहसंशोधक होते. एका गटाला मानेचं मॅनिप्युलेशन, म्हणजे झटका देऊन सांधा मोकळा करणं. दुसऱ्या गटाला हलक्या हाताचं मोबिलायझेशन, म्हणजे सांधा हळूहळू हलवणं, आणि व्यायाम. उपचार केंद्राचे संचालक स्वतः कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणका आणि सांध्यांवर हाताने उपचार करणारे, आहेत. मुख्य संशोधक तेच आणि मॅनिप्युलेशन करणारेही तेच. मोजमापं आणि नोंदी माझ्याकडे होत्या. सहभागी झालेल्या एका बाईंना तिसऱ्या सत्राच्या दिवशीच चक्कर, उलट्या सुरू झाल्या, बोलताना जीभ जड झाली. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला चीर गेल्याचं निदान रुग्णालयात झालं. आता त्या सावरल्या आहेत. ‘अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला मी कळवतो,’ असं संचालक तेव्हा म्हणाले होते. पेपर लिहायला घेतला तेव्हा मात्र त्यांनी ही नोंद ‘वैयक्तिक कारणाने अभ्यास सोडला’ अशी करायला सांगितली. मी नकार देऊन नोकरी सोडली. आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे : सात दिवसांत सगळा डेटा परत करा, करारातलं गोपनीयतेचं कलम पाळा, कुठे वाच्यता केलीत तर बदनामीचा दावा आणि फौजदारी तक्रार करू. मी पेपर प्रसिद्ध करू शकते का? आणि त्या बाईंना अजून कोणी नीट काही सांगितलेलं नाही, त्याचं काय?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

नोंद बदलायला नकार दिलात हे योग्यच केलंत. पण काम तिथे संपत नाही. गंभीर दुष्परिणाम एथिक्स कमिटीला कळवणं ही संशोधकाची जबाबदारी आहे, आणि तीही माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पार पाडायची, अशी अपेक्षा आपल्याकडच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ‘मी कळवतो’ हे वरिष्ठांचं तोंडी आश्वासन तुमच्या फाइलमध्ये कागद म्हणून उभं राहत नाही. कमिटीला काही कळवलं गेलं की नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि उद्या प्रश्न निघाला तर फॉर्मवर सही तुमची असेल. म्हणून आज, नोटिशीला उत्तर देण्याच्याही आधी, कमिटीच्या सचिवांना ईमेल पाठवा. उशीर झाला आहे, तो का झाला तेही लिहा. उशिरा दिलेली खरी माहिती समजावून सांगता येते, न दिलेली माहिती समजावता येत नाही. मजकूर साधारण असा ठेवा :

‘या अभ्यासातील अमुक सांकेतिक क्रमांकाच्या सहभागी व्यक्तीला तिसऱ्या सत्राच्या दिवशी चक्कर, उलट्या व बोलण्यात जडपणा ही लक्षणे सुरू झाली. रुग्णालयाच्या कागदपत्रांनुसार निदान मानेतील धमनीला चीर असे आहे. मुख्य संशोधक ही घटना आपल्याला कळवतील असे मला सांगण्यात आले होते. ती कळवली गेली का, याची मला खात्री नाही. म्हणून सहसंशोधक या नात्याने कळवत आहे. ही नोंद बदलण्याची सूचना मला देण्यात आली होती व मी ती मान्य केलेली नाही. या घटनेच्या कारणाबाबत मी कोणतेही मत देत नाही.’

यातलं शेवटचं वाक्य सभ्यता म्हणून घातलेलं नाही. तुमच्या सगळ्या प्रकरणाचा बचाव त्याच्यावर उभा राहणार आहे. काय घडलं हे तुम्हाला माहीत आहे. कशामुळे घडलं हे तुम्हाला माहीत नाही, संचालकांनाही माहीत नाही.

आणि हे मी वकिली सावधगिरीपोटी म्हणत नाही, या विषयातलं संशोधनच तसं सांगतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात मानेतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या धमन्यांतल्या बिघाडामुळे होणाऱ्या पक्षाघाताने रुग्णालयात दाखल झालेल्या ८१८ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ४५ वर्षांखालच्या रुग्णांत, पक्षाघाताच्या आधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं. पण नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेल्यांचं प्रमाणही तसंच जास्त होतं. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की चीर आधीच पडायला लागलेली असावी, तिच्यामुळे मान आणि डोकं दुखत असावं, आणि त्या दुखण्यावर इलाज शोधत माणूस उपचारकापर्यंत पोहोचत असावा. दुसऱ्या बाजूला, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४च्या निवेदनात म्हटलं की मॅनिप्युलेशनमुळेच चीर पडते हे सिद्ध झालेलं नसलं तरी दोन्हींचा संबंध निरीक्षणात आढळतो, आणि मानेवर उपचार करण्याआधी रुग्णाला तो सांगायला हवा. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. एका रुग्णावरून कारण ठरत नाही. पण कारण ठरलेलं नाही म्हणून रुग्णच नोंदीतून नाहीसा करता येत नाही.

गाळलेल्या नोंदींनी या शास्त्राचं फार नुकसान केलं आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे. जुनाट कंबरदुखीवर मणक्याच्या मॅनिप्युलेशनच्या ४७ चाचण्या आणि ९,२११ सहभागी एकत्र तपासणारा मोठा आढावा २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. परिणाम इतर शिफारस केलेल्या उपचारांइतपतच दिसला. आढळलेले त्रास बहुतेक सौम्य ते मध्यम आणि तात्पुरते होते. म्हणजे उपचाराच्या बाजूने बोलणारं बरंच काही त्यात आहे. पण दुष्परिणामांची दखल जेमतेम निम्म्या चाचण्यांनी घेतली होती, आणि त्यातल्याही बहुतेकांत ते पद्धतशीर नोंदवले गेले का, कसे, हे स्पष्टच होत नव्हतं. जो कायरोप्रॅक्टर प्रामाणिकपणे काम करतो, आपला उपचार किती सुरक्षित आहे हे ज्याला दाखवून द्यायचं आहे, त्याच्या हातात पुरावा नाही तो अशा गाळलेल्या नोंदींमुळेच. तुमची एक ओळ त्याच्याही हिताची आहे.

आता नोटीस. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. तिच्यातले सात दिवस समोरच्याने घातले आहेत, कायद्याने नाही. तरी गप्प बसू नका, कारण मौनाचा पुढे सोयीचा अर्थ लावला जातो.

गोपनीयतेचं कलम सरसकट रद्द आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. केंद्राचे आर्थिक व्यवहार, रुग्णांची ओळख, आधी न छापलेल्या योजना यांपुरतं ते तुम्हाला बांधतं. मात्र ज्या कराराचा उद्देश कायद्याला हरताळ फासणारा किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल तो भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार अवैध ठरतो. सहभागी व्यक्तीला झालेली इजा एथिक्स कमिटीपासून दडवायला लावण्यासाठी या कलमाचा आधार घेतला, तर कोर्टात तो टिकणं मला फार कठीण वाटतं. शिवाय कमिटीला कळवणं म्हणजे ‘वाच्यता’ नव्हे. अभ्यासाला परवानगी तिनेच दिली होती.

पेपरचा मुद्दा जास्त नाजूक आहे. करारात ‘लेखी परवानगीशिवाय प्रकाशन नाही’ असं असेल, तर संपूर्ण डेटा परस्पर स्वतःच्या नावे छापणं मी सुचवणार नाही. आधी परवानगी लेखी मागा. मागताना हेलसिंकी जाहीरनाम्याचा उल्लेख करा : वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या, १९६४च्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या या दस्तऐवजात, प्रतिकूल आणि अनिर्णित निष्कर्षही लोकांसमोर आले पाहिजेत हे संशोधक आणि प्रायोजक दोघांचंही कर्तव्य मानलं आहे. परवानगी नाकारली तर तो नकारच तुमचा पुरावा होतो. आणि त्यांनी ती नोंद गाळून पेपर पाठवला, तर लेखक म्हणून तुमचं नाव वापरायला लेखी मनाई करा आणि ते नियतकालिकाच्या संपादकांनाही कळवा. अभ्यास सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदवलेला असेल, तर ठरलेली सहभागींची संख्या आणि मोजायचे परिणाम तिथे कोणालाही पाहता येतात. त्या पानाची आजच्या तारखेची प्रत काढून ठेवा.

बदनामीची भीती तुम्हाला सर्वांत जास्त वाटते आहे, पण माझ्या मते ती धमकी सर्वांत दुबळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे खरी. पण त्याच कलमाच्या अपवादांत, लोकहितासाठी केलेलं खरं विधान आणि स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान बसतं. दिवाणी दाव्यात सत्य हाच बचाव असतो. प्रकाशन थांबवणारा अंतरिम मनाई हुकूम सहजासहजी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात खालच्या कोर्टांना बजावलं आहे. तो निकाल पत्रकारितेपुरता असला तरी त्यातलं तत्त्व तुमच्या वकिलांना मांडता येईल.

तुमच्याच क्षेत्रातलं एक प्रकरण माहीत असू द्या. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ साली कायरोप्रॅक्टिकच्या काही दाव्यांवर टीका केली, म्हणून ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. पहिल्या टप्प्यात निकाल सिंग यांच्या विरोधात गेला. १ एप्रिल २०१० रोजी अपील कोर्टाने तो फिरवला : पुराव्याचं मोल काय यावरचं हे मत आहे, आणि शास्त्रीय वाद शास्त्राच्या पद्धतीने सुटावेत, खटल्यांनी नव्हे. दोन आठवड्यांत असोसिएशनने दावा मागे घेतला. पुढे इंग्लंडच्या २०१३च्या बदनामी कायद्यात समीक्षित शास्त्रीय लेखांना वेगळं संरक्षण मिळालं. आपल्याकडे तसं स्वतंत्र कलम नाही आणि तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण आधार म्हणून दाखवता येतो. त्या निकालापर्यंत सिंग यांना दोन वर्षं झगडावं लागलं, हेही विसरू नका. म्हणून रागाच्या भरात व्हिडिओ किंवा पोस्ट टाकू नका. ‘अमुक केंद्रात मान मोडतात’ असं एक वाक्य लिहिलंत की तुम्ही अपवादांच्या संरक्षणातून बाहेर पडलात. पेपरमध्ये ‘मॅनिप्युलेशन गटातील एका सहभागीला तिसऱ्या सत्राच्या दिवशी लक्षणे सुरू झाली, निदान धमनीला चीर, कार्यकारण अनिश्चित’ एवढंच हवं. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, हे तुम्हाला कागदपत्रांवरून कोर्टात दाखवता येईल.

डेटाचं काय करायचं? मूळ फॉर्म केंद्राचे आहेत. तुमच्याकडे असतील तर यादी करून, पोच घेऊनच परत करा, आणि मूळ कागद सुरक्षित राहतील असे निर्देश द्यावेत अशी कमिटीला त्याच ईमेलमध्ये विनंती करा. नावं, फोन नंबर असलेली कोणतीही प्रत स्वतःकडे ठेवू नका. तुम्हाला आलेल्या सूचना, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप संदेश मात्र पुसू नका. नोंद बदलायला सांगणारा संदेश ज्या फोनवर आला तो फोनही विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र देताना तो हाताशी लागेल.

आता त्या बाई. त्यांना सत्य कळण्याचा हक्क आहे, आणि संशोधनामुळे इजा झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाईचाही. संमतिपत्रावर सही केली म्हणून तो जात नाही. इजेचा अभ्यासाशी संबंध आहे का, हे कमिटीने तपासायचं असतं. तुम्ही फोन करून ‘सरांमुळे झालं’ असं सांगू नका. त्यांना लेखी कळवावं आणि त्याची प्रत आपल्याला मिळावी, अशी मागणी कमिटीकडे करा. समिती टाळाटाळ करत असेल, तर जिथे अशा समित्यांची नोंदणी होते त्या आरोग्य संशोधन विभागाकडे तक्रार करता येते. तुमच्यावर खटला होईल का? वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने २००५ सालीच स्पष्ट केलं आहे. झटका तुम्ही दिला नव्हता. तुम्ही नोंद केली आणि ती बदलू दिली नाही. ग्राहक आयोगात जायला त्या बाईंना दोन वर्षांची मुदत असते, आणि ती मुदत त्यांना काही कळण्याआधीच सरत असेल, तर घाई करण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे.

नोटिशीचं उत्तर स्थानिक वकिलांकडून द्या, एका पानाचं : आरोप अमान्य, मूळ कागद पोच घेऊन परत करायला तयार, एथिक्स कमिटीला कळवणं हे कर्तव्य असून ते पार पाडलं आहे. सात दिवसांच्या आत स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच दिवशी दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम होणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं. संपायच्या आठवडाभर आधी नवं घालायची आठवण तुमच्या वकिलांना करून द्या.