बक्षीसपत्राची घाई नको, मृत्युपत्र मात्र आत्ताच

प्रश्न (मे २०२१): मी ६८ वर्षांची असून कोथरूडला मुलाजवळ राहते. पती गेल्या वर्षी करोनाने गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. एक विधीसंस्था व्हिडिओ कॉलवर चर्चा करून २५ हजार रुपयांत मृत्युपत्र करून देते. मुलगा म्हणतो, बक्षीसपत्रच करून टाक. न्यूयॉर्कची मुलगी म्हणते, सह्यासुद्धा ऑनलाइन होतात. काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण या दिवसांतही हा विचार पुढे ढकलला नाही, हे फार चांगले केलेत.

बक्षीसपत्र मात्र आज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राहते घर मुलाला बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आणि लागू असेल तेथे स्थानिक अधिभार एवढेच लागते, हे खरे. पण एकदा नोंदवलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून रद्द करता येत नाही, आणि ते करण्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन फोटो व अंगठा द्यावा लागतो. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. मुलाने सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार आहेच, पण सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली नसेल तर त्यावर विसंबून राहणे धोक्याचे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संपूर्ण फ्लॅट आज आपला एकटीचा नाही. दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा धरला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पतीचा निम्मा भाग आपण, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान वाटला जातो; म्हणजे आपल्याकडे दोन तृतीयांश आणि मुलांकडे प्रत्येकी एक षष्ठांश. सोसायटीत नॉमिनी कोण आहे, यामुळे हे हिस्से बदलत नाहीत. मुलांना हक्कसोडपत्र करायचे असेल तर ते सवडीने होईल. मृत्युपत्र त्यासाठी अडवून ठेवू नये, त्यात ‘माझा जो काही हिस्सा असेल तो’ असे लिहिता येते.

या गुंतागुंतीमुळेच वकिलाची फी मला वाया जाणारी वाटत नाही. मात्र फ्लॅटची कागदपत्रे तपासणे, मसुद्यातील नंतरचे बदल आणि सहीच्या वेळी त्यांचा माणूस घरी येणे या गोष्टी फीमध्ये धरल्या आहेत का, हे ईमेलवर लेखी घ्यावे. ठरावीक नमुन्यात फक्त नावे भरून मिळणार असतील, तर २५ हजार देऊ नयेत.

मुलीने सांगितलेली सोय न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २०२० मध्ये आदेश काढून करोनाकाळापुरती दिली गेली होती. आपल्याकडे ती नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्र डिजिटल सहीतून वगळलेले आहे, त्यामुळे चर्चा आणि मसुदा ऑनलाइन होईल, सही मात्र कागदावरच. दोन साक्षीदार हवेत, पण ते एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही: एकासमोर आज सही करावी आणि दुसऱ्याला उद्या तीच सही दाखवून ‘ही माझी’ असे समक्ष सांगावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोकळ्या हवेत, प्रत्येकाने आपापले पेन वापरून हे दहा मिनिटांत होते. फॅमिली डॉक्टर साक्षीदार झाले तर उत्तम. मुलगा किंवा सून नको. सहीचे चित्रीकरण जरूर करावे, पण ते साक्षीदारांची जागा घेऊ शकत नाही.

२०२१ च्या करोना लाटेत रुग्णालयात नातेवाइकांनाही आत सोडत नव्हते, हे लक्षात घेऊन हे काम प्रकृती ठणठणीत असतानाच, याच आठवड्यात उरकावे. मूळ प्रत केवळ आपल्या एकटीच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नये. ती कुठे आहे, हे दोन्ही मुलांना ठाऊक असावे.