काटा भीतीचाच असतो का?

‘कीर्तन ऐकताना अंगावर काटा आला’ असं तुम्ही लेखात लिहिलंत आणि संपादकांनी ते ‘अंगावर रोमांच उभे राहिले’ असं केलं. काटा भीतीने येतो, रोमांच आनंदाने, हे त्यांचं कारण. ते बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: तुमचं मूळ वाक्यच राहू द्या.

आपला ‘काटा’ संस्कृत ‘कंटक’वरून आला, आणि रोमांचित झालेल्याला संस्कृतातही ‘कंटकित’च म्हणतात. रघुवंशाच्या सातव्या सर्गात अज-इंदुमतीच्या पाणिग्रहणाच्या वेळी कालिदास लिहितो, ‘आसीद्वरः कण्टकितप्रकोष्ठः’. प्रकोष्ठ म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. नवरीचा हात हाती आला आणि नवरदेवाच्या हातावर सर्रकन काटा आला! यात भीती कुठे आहे? मला तर ही ओळ वाचतानाही काटा येतो.

रोमांच फक्त आनंदाचा, हेही खरं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटते त्या खुणांत, रोमांच आहे आणि त्याची कारणं स्पर्श, भय, थंडी, हर्ष, क्रोध, रोग अशी एका दमात सांगितली आहेत. नटाने तो दाखवायचा कसा, तर इतर खुणांबरोबर स्वतःच्या अंगाला स्पर्श करून. किती बारीक नजर! मागे बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या हातावरची लव दिसत नाही, पण लवेवरून फिरणारा हात दिसतो.

शरीरालाही हा भेद ठाऊक नाही. केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आवळला की केस ताठ होतो, मग कारण गारठा असो की गाणं.

छटा मात्र आहेत. शहारा आला तसा जातो, थरकाप बहुतेक भीतीचाच. ‘रोमांच’ लिहिण्यात जास्त, बोलण्यात कमी. काटा तोंडातला शब्द आहे, आणि तो दाखवता येतो. गेल्या कार्तिकात काकड्याला पखवाज मध्येच थांबला, नुसते टाळ आणि म्हाताऱ्या बुवांचा आवाज उरला. शेजारच्या काकांनी स्वेटरची बाही वर सारली, हात माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाले, “हे बघा, काटा.”