फारशी चर्चेत नसलेली, पण ऐकायलाच हवीत अशी पॉप-रॉक गाणी कोणती?

तुम्ही लिहिलंय की बीटल्स, क्वीन, पिंक फ्लॉइड ऐकून झालं. आता ज्यांचं नाव सहसा निघत नाही अशी गाणी हवीत, पण इंग्रजी शब्द पटकन कळत नाहीत. माझंही सुरुवातीला तसंच होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतो. माझं बहुतेक ऐकणं रात्रीच्या ओलितात झालंय. पंपाची लाईन रात्री असली की गव्हात पाणी फिरवायला जावंच लागतं. एक वाफा भरेपर्यंत धुऱ्यावर बसायचं, मग दंड फोडून पाणी पुढं काढायचं. मोबाइल खिशात आणि एकाच कानात इयरफोन, कारण दुसऱ्या कानानं रानडुकरांची चाहूल घ्यावी लागते. त्यामुळे माझी निवड कमी वाद्यांच्या, शांततेत उलगडणाऱ्या गाण्यांकडे झुकलेली आहे.

सगळ्यात आधी वॅश्टी बनियनचं 'डायमंड डे' ऐका. पुरतं दोन मिनिटांचंही नाही. ही इंग्लंडची गायिका. १९६८ च्या सुमारास लंडन सोडून घोडागाडीनं स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. आपल्याकडच्या बंडीच्या चालीनं एवढा लांबचा प्रवास. वाटेत सुचलेल्या गाण्यांचा अल्बम १९७० मध्ये आला, फारसा कोणी घेतला नाही आणि तिनं गाणंच सोडून दिलं. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, नव्या पिढीनं उचलून धरला, आणि तिचा दुसरा अल्बम थेट २००५ मध्ये आला. पस्तीस वर्षांनी!

एकदा अंगणात हे गाणं लावलं तेव्हा आईनं विचारलं, "काय म्हनते रे ते बाई?" मी सांगितलं: गवताचं पातं, नांगरायचं वावर, गव्हाचा दाणा, पेरायला बियाण्याचं पोतं आणि लेकरांच्या पोटात जाणारा घास. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "बी घरचं असन का इकतचं?" गाण्यात ते सांगितलेलं नाही. पण मला ते पोतं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं. इंग्रजी कमी कळतं म्हणता ना, म्हणूनच हे पहिलं सुचवतोय. यातले जवळजवळ सगळे शब्द शेतातले आहेत.

दुसरा निक ड्रेक, हाही इंग्लंडचाच गायक. त्याचा 'पिंक मून' हा शेवटचा अल्बम १९७२ चा, अर्ध्या तासाच्या आत संपणारा. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या स्टुडिओत दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झाला. खोलीत फक्त तो आणि ध्वनिमुद्रक. आवाज आणि गिटार, आणि एका गाण्यात थोडा पियानो, बस्स. तारा तो बहुतेकदा नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं लावायचा, म्हणून एकटी गिटारही दोन-तीन जण वाजवत असल्यासारखी भरून वाटते. १९७४ मध्ये सव्वीसाव्या वर्षी तो गेला, आणि जिवंतपणी त्याच्या रेकॉर्ड अगदी थोड्या खपल्या. या अल्बममधलं शेवटचं 'फ्रॉम द मॉर्निंग' ऐका. उजाडण्याचं गाणं आहे. त्यातलीच एक ओळ त्याच्या थडग्यावर कोरलेली आहे. रात्रभर ओलीत करून पूर्वेकडे फटफटायला लागलं की मी हे लावतो. थंडीनं बोटं वाकत नसतात, पाय चिखलानं जड झालेले असतात, आणि तरी जीव हलका होतो. याच्याइतकं प्रिय मला दुसरं गाणं नाही.

रॉड्रिग्ज हे नाव कदाचित ऐकलं असेल. डेट्रॉइटचा हा गायक, १९७० आणि १९७१ असे दोन अल्बम काढले, अमेरिकेत कोणी विचारलं नाही, तेव्हा तो इमारती पाडायच्या-दुरुस्तीच्या मजुरीला लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घराघरांत वाजत होती आणि त्याला पत्ताच नव्हता. १९९८ मध्ये तो तिथं गायला गेला. त्याच्यावरच्या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळाल्यावर लोक 'शुगर मॅन' ऐकू लागले. मी मात्र 'कॉज' सुचवीन. नाताळ दोन आठवड्यांवर असताना नोकरी गेलेल्या माणसापासून ते सुरू होतं. सणाच्या तोंडावर हात रिकामा असणं काय असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला त्याचा आवाज लगेच ओळखीचा वाटेल. पोळा तोंडावर आणि बैलांच्या साजाला पैसे नाहीत, असं वर्ष आमच्याही घरी येऊन गेलंय.

झॉम्बीज बँडचं 'केअर ऑफ सेल ४४' मात्र दिवसा ऐका, एसटीच्या खिडकीत बसून. चाल इतकी आनंदी की आपोआप मान डोलते. नंतर कळतं की तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रिय माणसाला लिहिलेलं ते पत्र आहे. १९६८ मध्ये अल्बम बाजारात येईपर्यंत बँड फुटलाही होता.

आणि आपल्याकडचं एक: इंडियन ओशन बँडचं 'मा रेवा', २००० च्या 'कंदिसा' अल्बममधलं. रेवा म्हणजे नर्मदा. लोकगीताच्या खाली बास गिटार आणि तबला असे वाहतात की पहिल्यांदा ऐकताना मी दंड फोडायचा विसरलो आणि वाफा भरून पाणी शेजारच्या वावरात गेलं. शेजारच्या काकांना दुसऱ्या दिवशी तेच गाणं ऐकवलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

शब्द आधी वाचू नका. प्रत्येक गाणं दोनदा नुसतं ऐका, तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. सुरुवात 'डायमंड डे'पासून करा, आणि आवडलं की नाही ते इथं कळवा.